दुभाष्याची कबुली

मेन राज्यातलं गिरण्यांचं गाव,
गिरण्या केव्हाच बंद.
कालव्याचं पाणी मात्र अजून पळतं,
पाळीला उशीर झाल्यासारखं.

तिथल्या दवाखान्यात अकरा वर्षं
मी दोन खुर्च्यांच्या मध्ये बसलो.
एका खुर्चीत डॉक्टर प्रुडन्स हॅस्केल,
दुसरीत माझी माणसं,
किस्मायोहून निघून छावण्यांमधून आलेली,
बर्फात चपला घालून.
मधला मी, गुलेद, दोन्ही घरचा पाहुणा.
असा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात.
मी दोन्हीकडे चहा प्यायलो.

बाई दर रविवारी चर्चला जायची.
ते चर्च आहे हे मला आधी कळलंच नाही:
क्रूस नाही,
'मी मानतो' म्हणून सुरू होणारी शपथ नाही.
एक दिवा लावायचे
आणि एकमेकांना प्रश्न विचारायचे,
कॉफी गार होईस्तोवर.
"देव आहे का तुमच्यात?"
स्टेथोस्कोप गळ्यातून काढत ती म्हणाली,
"आमचं अजून मतदान झालेलं नाही."

शुक्रवारच्या नमाजाला जागा नव्हती
तेव्हा तिनं त्याच चर्चचं तळघर मागून घेतलं.
कोण कुरकुरलं, ते सांगितलं नाही.
होकायंत्र आणि खडू घेऊन आली,
दुखऱ्या गुडघ्यांवर रांगत
मक्केची रेघ मारू लागली, ईशान्येला.
मी म्हटलं, आग्नेय. ती म्हणाली, पृथ्वी गोल आहे.
तासभर भांडलो आम्ही,
ज्याला मतदानच झालेलं नाही
त्याच्या घराच्या दिशेवरून.

रमजानात हलीमो आजीनं उपास सोडायला नकार दिला.
साखर तीनशेच्या वर.
बाईनं समजावलं, चिडली, खिडकीबाहेर बघत बसली.
मग महिनाभर पहाटे तीनला तिचा फोन.
माझी झोप वाचावी म्हणून
आमचा एक शब्द शिकली होती:
"सोन्कोर?"
पलीकडून आजी आकडा सांगायची.
एवढंच संभाषण. तीस पहाटा.

आता कबुली.

त्या ईदनंतर आजीनं विचारलं,
ही माझ्यासाठी दुआ करते का?
मी विचारलं. बाईनं पेन खाली ठेवलं.
"तिला सांग, वर कुणी ऐकतं का, मला माहीत नाही.
माहीत असल्याचं सोंग मला तिच्यापुढे करवणार नाही.
पण रविवारी दिव्यासमोर मी तिचं नाव मोठ्यानं घेते,
आणि घेताना माझा आवाज जरा कापतो.
याला काय म्हणतात, तिलाच विचार."
मी आजीकडे वळलो.
म्हटलं, "हो, करते."

सात वर्षं हे 'हो' माझ्या दाढेत अडकलेलं.

यंदा मार्चमध्ये बाई स्वतःच खाटेवर,
पायमोजे घातलेले, डोळे मिटलेले.
आजी काठी टेकत आली,
पाण्यावर आयती फुंकल्या, ओठ ओले केले तिचे.
मला राहवलं नाही. कॉरिडॉरमध्ये सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," आजी म्हणाली.
"ती एवढं लांब बोलली
आणि तू दोन शब्दांत आटपलंस.
मला काय मोजता येत नाही?"

मग म्हणाली, सांग आता पूर्ण.
मी सांगितलं, कापणाऱ्या आवाजासकट.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
आत गेली, खुर्ची ओढली,
बाईच्या मनगटावर दोन बोटं ठेवली,
बाई ठेवायची तशीच,
जरा चुकीच्या जागी,
आणि ओठ हलवत बसली.

आकडे होते की आयती,
मी विचारलं नाही.