शेवटची वीत

आमच्या इद्रिया गावात पारा कधी चढत नसे,
तो खालून वर आणावा लागे,
शिडीने, खांद्यावरून, श्वासातून.
गाश्पर, माझा बाप, सत्तावीस वर्षं आणत राहिला.
मग पारा त्याच्या हातांतच राहायला आला.
शर्टाचं बटण काजापाशी जाऊन माघारी फिरे,
चमचा तोंडाशी पोचेतो
अर्धं सूप टेबलावर.

आई खिडकीशी. टोपलीत कोंड्याचा लोड,
लोडावर टाचण्या,
टाचण्यांभोवती सात जोड्या कांड्या.
पीळ, ओलांड, पीळ.
बोटांकडे बघू नकोस, ती म्हणायची, आवाज ऐक.
चुकलं की लाकूड वेगळं बोलतं.

खाणीचा पगार पंधरवड्याने,
लेसचे पैसे मीटरवर.
पगाराआधीचे चार दिवस आम्ही लेसच खायचो,
म्हणजे बटाटे.

त्या हिवाळ्यात आईच्या छातीत पाणी झालं.
वेदीच्या कापडाची किनार हातभर राहिलेली
आणि त्रिएस्तेचा व्यापारी शनिवारी यायचा.
मी नऊ वर्षांची. रात्री जाग आली ती
आवाजाने:
टक... टक टक... ट
बाप लोडाशी बसला होता.
टाचणी दातांत,
उजवं मनगट डाव्या मुठीत,
पहिल्यांदा खाणीत उतरणाऱ्या पोराला धरतात तसं.
मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

व्यापाऱ्याने पट्टी उलगडली. शेवटाला बोट थांबलं.
"हे कुणी केलं?"
"मीच," आई म्हणाली, तापाने लाल.
त्याने तेवढ्याचे पैसे कमी केले.
तिने कात्री मागवली,
ती वीत कापली,
दोन्ही टोकं शिवली, आणि ब्लाउजच्या आत ठेवली.
बापाने खिडकीबाहेर बर्फ किती साचलाय ते पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.

आता खाणीत तिकीट काढून जाता येतं.
मी शाळेत मुलींना लेस शिकवते.
ती वीत तीनदा उतरवून पाहिली.
टाचणी कुठे टोचायची ते कळतं,
हात कुठे हलायचा, ते नाही.

काल झोयाने विचारलं, ही कुठली नक्षी?
दहा वर्षांची आहे, नखं कुरतडते.
म्हटलं, हिचा कागद नाही.
तिने वीत उजेडात धरली.
एकही भोक दुसऱ्यासारखं नाही,
एक तर चांगलंच मोठं,
तिथे धागा बहुधा सुटला होता
आणि त्याने तो पुन्हा पकडला होता.

झोयाने त्यात करंगळी घातली.
बसते, म्हणाली.