अडीच इंच

पहिला भाग शिवत होतो तेव्हाच नेरिस म्हणाली होती,
माया ठेवा गं आत, भरपूर माया ठेवा,
पोरं आहेत, वाढणार.
निर्माता म्हणाला, दुसरा भाग निघेलच कशावरून?
ती बोलली नाही. तोंडात टाचण्या होत्या.

आता ब्लायनाऊच्या बंद पडलेल्या पाटीच्या खाणीखाली,
पत्र्याच्या शेडमध्ये
सतरा झगे उलटे टांगलेत
आणि आम्ही दोघी उसवत बसलोय.

गेथिनला मागच्या खेपेला स्टुलावर उभं करायचो.
आता स्टुलावर नेरिस चढते.
दार उघडायचा मंत्र म्हणताना
त्याच्या घशातच एक दार कुरकुरतं.
सगळे हसतात. तोही हसतो,
जरा उशिरा.

माब्ली तेव्हा जेवतानाही झगा काढायची नाही,
बाहीवर बीन्सचे डाग.
यंदा टेप दिसला की श्वास रोखते.
नेरिस टेप तिच्याच हातात देते, पाठ वळवते,
तूच सांग आकडा, मी लिहून घेते.
माब्ली खोटा आकडा सांगते.
नेरिस खरा लिहिते.

आणि योलो.
योलो चौथ्या पानावरच धुक्यात हरवतो.
पटकथेत तसं आहे.
खरं म्हणजे चौदा महिन्यांत तो नऊ इंच वाढला
आणि पडद्यावरचा थोरला भाऊ
त्याच्या खांद्याला लागू लागला.
त्याच्या झग्यात माया नव्हती असं नाही.
होती, अडीच इंच.
त्याच्या आईचा फोन नेरिसनंच घेतला, बराच वेळ,
आमच्याकडे पाठ करून.

दुमड उसवली की आतून
पहिल्या वर्षाचा निळा निघतो.
वरचं कापड विटलंय, दिव्यांनी, धुण्यानं,
खोट्या युद्धांच्या खऱ्या चिखलानं.
आतलं तसंच.
प्रत्येकाच्या पायाशी गडद पट्टा
आणि वर जुन्या घडीची रेघ.
व्हिनेगर लावलं, इस्त्री दाबून फिरवली, जात नाही.
कॅमेरावाला म्हणाला, हे दिसेल.
नेरिस म्हणाली, दिसू दे की.

योलोचा झगा कार्डिफहून आलेल्या नव्या पोराला दिलाय.
त्याच्या खिशात कांडी सापडली,
टोक चावून चावून पांढरं झालेली.
प्रॉप्सच्या यादीत ती 'गहाळ' आहे.
अजूनही गहाळच आहे.
नेरिसच्या शिवणाच्या डब्यात.

नवं पोरगं बुटकं. झगा जमिनीवर लोळतो.
कापू का, मी विचारलं, कात्री हातात घेऊन.
तिनं मान हलवली
आणि सगळं आत घेतलं,
अडीच इंच, वर आणखी चार.
झगा खालून जड झाला,
चालताना पोराच्या घोट्यांवर थापा बसतात.
काय भरलंय यात, त्यानं विचारलं.

नेरिसच्या तोंडात टाचण्या होत्या.