फळीवरची बाटली

पंचायतीनं मला दिली
बोटभर उंचीची बाटली, आत कागदाची पट्टी.
रेघेपर्यंत पाणी भर, झाकण लाव, दोन दिवस थांब.
काळं पडलं तर बावीत घाण आहे.
एवढंच शिकवलं खानापुरात, तेही कन्नडात,
मी मान हलवत गेलो.
नीरगंटी म्हणतात मला.
व्हॉल्व्ह फिरवायचा, टाकी भरायची, शिव्या खायच्या.

बाटली ठेवली देवाच्या फळीवर,
बाकी सगळीकडे पोरांचा हात पोचतो.
पहिल्या रात्री पाणी मधासारखं पिवळं.
सकाळी कडेनं जरा मळकट,
मी म्हटलं, उदबत्तीचा धूर असेल.
दुसऱ्या सकाळी
तव्याच्या बुडासारखी.

मोटर बंद केली. बावीच्या कट्ट्यावर कोळशानं लिहिलं:
हे पाणी पिऊ नका.
खाली: ई नीरु कुडियबेडि.
दुपारपर्यंत माणसं जमली.
कुठली ओळ वर पाहिजे यावरून
नागोजी आणि मास्तर तासभर भांडले.
मल्लव्वाला दोन्ही वाचता येत नाहीत.
घागर काखेत धरून ती उभी.
"काय लिवलंयस गा शट्टुप्पा, त्येवढं सांग की."
सांगितलं.
तिनं रहाटाचा दोर ओढून घेतला,
वेटोळं करून घागरीत घातला
आणि घरी घेऊन गेली.

मग घाण येते कुठून?
गोठे बघितले, उकिरडे बघितले,
नागोजीची म्हैस कुठं बसते तेही.
दिवसभर दुसऱ्यांच्या परसात बोट दाखवत फिरलो
आणि तिन्हीसांजेला पावलं मोजली
माझ्याच संडासाच्या खड्ड्यापासून.
नऊ.
दहावं कट्ट्यावर पडलं.
अर्जात मी पन्नास फूट लिहिलं होतं, खाली सही.
खड्डा वरच्या अंगाला, बाव खालच्या,
मधे भुसभुशीत लाल माती.
पाण्याला वाट दाखवावी लागत नाही.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती,
थापणं थांबलं नाही.
कुणाला सांगू नको, असं म्हणेल वाटलं.
म्हणाली, "मल्लव्वाची नात दवाखान्यात हाय."

गेलो. दोर मागायला नाही.
उंबऱ्याबाहेर उभ्यानंच सगळं सांगितलं.
तिनं बस म्हटलं नाही, शिवीही दिली नाही.
लई वेळानं एकच:
"खड्डा कवा बुजवतोस?"

बुजवला. कुदळ माझी, चुना पंचायतीचा.
पोरी आता चुलत्याच्या परसात जातात,
हातात टमरेल, मान खाली.
तीन दिवस बाव उपसली, पावडर टाकली,
वासानं बेडूकसुद्धा कपारीतून वर आले.
पावसाच्या एका सरीनं कट्ट्यावरच्या
दोन्ही ओळी सारख्याच पुसल्या.

आज फळीवर नवी बाटली आहे.
पिवळी दिसते,
पण समईच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं.
धाकटी म्हणते, बाबा, सारखं बघू नको,
पाण्याला नजर लागते.
नात घरी आली म्हणे, अजून पेजेवर आहे.
दोर मल्लव्वाच्या घरातच.