अडीच तास पुढे

आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं.
एक उद्यमनगरच्या भोंग्याशी जुळवलेलं,
दुसरं अडीच तास पुढे, दावावचं.
मी सकाळचा चहा टाकतो तेव्हा तिकडे
अ‍ॅनालिनची शाळा भरलेली असते.

धाकटा दीर, विश्वजित, तिकडे डॉक्टर व्हायला गेला.
तीन वर्षं होत राहिला,
मग पैसे संपले, मग फोन कमी झाले,
मग एका रात्री मोटरसायकल.
पेटी आली. पेटीबरोबर काही आलं नाही.
चार वर्षांनी खाकी पाकीट आलं,
त्यात एका पोरीचा फोटो,
कपाळाच्या डाव्या कडेला, केसात,
आमच्या घरातला भोवरा.

नणंद म्हणाली, "आपलीच कशावरून?"
"भोवरा बघा की."
"भोवरं काय, म्हशीलाबी असत्यात."
मी भाकरी थापत राहिलो.

तेव्हापासून आम्ही दोघं कागद झालोय.
नोटरी, पगाराचा दाखला, रक्त, लघवी,
दहा बोटांचे ठसे.
ह्यांचे ठसे उमटेनात.
वीस वर्षं ओतकामाच्या वाळूत हात.
राजारामपुरी ठाण्यातला पोरगा म्हणाला,
"मामा, बोटं कोरी हाईत की तुमची."
हे हसले.
घरी येऊन रात्री उशिरापर्यंत
तळव्यांना खोबरेल चोळत बसले,
पोरगी त्या रेषांवरनंच चालत येणार असल्यासारखे.

पुण्याहून बाई आल्या घर तपासायला.
खोल्या मोजल्या, संडास बघितला,
गच्चीचा कठडा हातानं हलवून बघितला.
मग वहीवरून मान वर न करता:
"मूल का हवंय?"
अकरा वर्षं सगळ्या दवाखान्यांत
"मूल का होत नाही" एवढंच विचारत होते.
त्याची उत्तरं फायलीत होती, तारखेनिशी.
ह्याचं कुठंच नव्हतं.
मी म्हणालो, "थांबा, दूध उतू जातंय."
दूध गॅसवर नव्हतंच.

जाताना चपला घालत बाई म्हणाल्या,
"तुम्ही 'मी म्हणालो' म्हणता?"
म्हणालो, आम्ही सगळ्याच.
आई, मावशी, कोर्टातल्या वकीलबाईसुद्धा.
त्यांनी परत वही उघडून काहीतरी लिहिलं.
काय लिहिलं, कुणास ठाऊक.

रविवारी फोनवर चेहरे.
तुबिग म्हणजे पाणी. गातास म्हणजे दूध.
तिच्या भाषेत तो नाही, ती नाही,
सगळ्यांना मिळून एकच: सिया.
हे मी वहीत दोनदा लिहून घेतलं
आणि मनाशी म्हणालो,
बरं झालं, कोल्हापुरात येतीय.

एकदा हे फोन घेऊन गंगावेशच्या दूध कट्ट्यावर गेले.
म्हैस, धार, पेल्यात वर आलेला फेस.
वाटलं, भिईल.
"काराबाव!" ती किंचाळली,
स्क्रीनला नाक लावून, "काराबाव, लोला, काराबाव!"
तिकडेही म्हशी आहेत.
एवढे फॉर्म भरले,
कुणी सांगितलं नव्हतं.

लोला, म्हणजे तिची आजी, कॅमेऱ्यात बघत नाही.
गुडघे गेलेत, म्हणून देतीय, असं कागदावर आहे.
मला फक्त तिचे हात दिसतात,
पोरीची वेणी घालतात,
सोडतात,
परत घालतात.
रात्री मला तेच आठवत राहतं,
आणि मी ह्यांना सांगत नाही.

फाईल दिल्लीत आहे. एका शिक्क्यासाठी.
जून म्हणाले होते, मग दिवाळी म्हणाले.
पलंग आणलाय, त्यावर वाळलेले कपडे पडतात.

काल फोन ठेवताना तिकडे दहा वाजले होते.
डोळे मिटत आलेले.
मी तिला कधीचं शिकवतोय,
निघताना 'जातो' म्हणायचं नसतं.
तिनं जांभई दिली,
अर्धी वेणी तोंडात धरली आणि म्हणाली,
"येतो."

पडदा काळा झाला.
ह्यांनी आतल्या खोलीतनं विचारलं, काय म्हणाली?
मी म्हणालो,
ऐकलासा की.