भरतीचं की ओहोटीचं

दुभाष्या होतो मी. दोष द्यायचाच तर
माझ्या जिभेपासून सुरुवात करा.

जहाज आलं तेव्हा चटयांवर जायपत्री वाळत होती,
लाल, ओलसर, सोललेल्या गुडघ्यासारखी.
लेबे सामाउ म्हणाले, पाहुण्यांना आधी पाणी द्या.
दिलं. विहीर एकच होती,
ती त्यांनी तेव्हाच मोजून घेतली असावी.

कंपनीचा कारकून योरिस, उन्हाने नाक भाजलेला,
त्याने कागद पसरला आणि चार कोपऱ्यांवर ठेवली
आमचीच चार जायफळं. वारा होता म्हणून.
कागदावर होतं: कायमचं,
वर, खाली, आत जे जे असेल त्यासकट.
आमच्या बोलीत कायमचं फक्त समुद्राला म्हणतात.
मी अडखळलो. घाम पुसला.
म्हणालो, ओसरी मागताहेत, माल ठेवायला.

ठेवा की, म्हातारे म्हणाले.
बदल्यात निळ्या कापडाच्या चाळीस गाठी,
तांदूळ, सुऱ्या,
आणि एक आरसा, ज्यात पाच म्हातारे एकदम मावेनात.

तेवढ्यात मागून तुमिना बोलली,
जिला कुणी विचारलं नव्हतं:
कुठलं बेट देताय? भरतीचं की ओहोटीचं?
ओहोटीला आपलं बेट दुप्पट होतं.

हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं, खुदाशपथ.
योरिस पोट धरून हसला.
मग हसू आवरून समासात
बारीक अक्षरांत काही लिहिलं.
ते मला वाचून दाखवलं नाही.

लेबे सामाउंनी सहीच्या जागी होडी काढली,
नाळ उघड्या पाण्याकडे.
कारकुनाने कागद स्वतःकडे फिरवला,
शाईवर वाळू टाकली;
फिरवल्यावर तीच होडी
किनाऱ्याला येताना दिसत होती.

पुढचं सांगायला वर्षं लागतील, आणि सांगून काय.
विहिरीभोवती किल्ला झाला.
जायफळं चुन्यात बुडवून जाऊ लागली,
दुसऱ्या कुठल्या मातीत रुजू नयेत म्हणून.
लेबे सामाउंचं नाव
आता कुणी मोठ्याने घेत नाही.

एका ओहोटीला तुमिना चिखलात शिंपले वेचत होती.
शिपायाने परवाना मागितला.
ती माझ्याकडे बघत राहिली,
काय म्हणतोय तो, म्हणून.
समासातली ओळ तेव्हा कळली मला.

पाणी अजून लांब होतं, पार लांब.
मी म्हणालो, तो म्हणतोय
भरती येतेय, घरी जा.