मुकं अक्षर

दर गुरुवारी सकाळी आठला
मी तेवीस पोरं आणि एक मुख्याध्यापिका
माझ्या लाँचमधून कास्त्रोला नेतो,
तलावात पोहायला.
हसू नका. चिलोएत चहूकडे समुद्रच आहे,
पण इतका गार, की त्यात कुणी शिकत नाही,
बुडतात फक्त.
माझा काका बुडाला. ओतिलियाबाईंचा नवराही.

बाई एकसष्ट वर्षांच्या.
वाटलं, काठावर बसून शिट्टी वाजवतील,
टॉवेल मोजतील.
तर त्या निळी टोपी कानांवर ओढून बाहेर आल्या
आणि तिसरीच्या रांगेत
शेवटी उभ्या राहिल्या.

दागोबेर्तो, ज्याला सातचा पाढा काही केल्या येत नाही,
त्याला म्हणाल्या, "तुला येतं ना? मग सांग मला. सावकाश."
तो म्हणाला, "आधी तोंड बुडवायचं, बुडबुडे काढायचे,
आणि घाबरलात तर घाबरले म्हणायचं."
बाईंनी तोंड बुडवलं. वर आल्या.
"घाबरले."
पुन्हा बुडवलं.

जून गेला, जुलै गेला.
मी बाहेर माते पीत, वाफ धरलेल्या काचेतून
निळी टोपी शोधायचो.
पोरांनी बाईंचं प्रगतिपुस्तक केलं.
बुडबुडे: उत्तम. पाय: ढिले.
शेरा: प्रयत्न करतात, पण मध्येच विचार करत बसतात.
ते त्यांनी ऑफिसात लावलं,
मंत्रालयाच्या प्रमाणपत्राशेजारी नाही,
त्याच्यावरच. खिळा एकच होता.

आता माझं.
अकराव्या वर्षी शाळा सुटली, नंतर बटाटे, शिंपले, हे सुकाणू.
बाई मला कधी काही म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या असत्या, तर मी ऐकलं नसतं.
पण एका गुरुवारी, भरतीची वाट बघताना,
मी रायेनला विचारलं, जणू तिचीच परीक्षा घेतोय,
"सांग पाहू पोरी, या लाँचवर काय लिहिलंय?"
नाव मला माहीत होतंच. आईचं.
बापानं स्वतः रंगवलेलं.
कुठली रेघ कुठला आवाज काढते, तेवढं माहीत नव्हतं.

तिनं ओलं बोट फिरवलं,
"ओर्... तेन्... सिया."
मग थबकली.
"आबेलार्दोकाका, एक अक्षर कमी आहे. सुरुवातीला आचे हवं."
"ते कसं म्हणतात?"
"म्हणतच नाहीत. मुकं असतं."
"मग हवं कशाला?"
खांदे उडवून ती बाईंकडे बघू लागली.

बाईंच्या केसांना क्लोरीनचा वास, डोक्यावर लोकरी टोपी.
"मलाही नाही माहीत," म्हणाल्या,
कुणी हातात गरम पाव ठेवावा तशा चेहऱ्यानं.
पन्नास वर्षं बापाची चूक घेऊन
मी बेटाबेटांतून फिरत होतो,
आणि या बाईला त्याचा आनंद झाला होता!

दोन गुरुवारांनी सांगितलं,
"खूप पूर्वी त्याला आवाज होता म्हणे.
आवाज गेला. जागा राहिली."
मग बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या.
मी इंजिनाकडे लक्ष दिलं.

नोव्हेंबरात त्या अर्ध्या तलावापर्यंत गेल्या,
दोरी धरली.
"सोडा!" दागोबेर्तो ओरडला.
सोडली नाही.
परतताना पोरांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पाठीवर."

मी ब्रश आणलाय, पांढरा रंगही.
पण बापानं अगदी टोकापासून सुरुवात केली होती,
मुक्या अक्षराला जागाच नाही.
रायेन म्हणते, सगळं नाव पुढं सरकवावं लागेल.
बघू.
सध्या एका जुन्या फळीवर गिरवतोय:
दोन खांब, मध्ये एक आडवी फळी,
आमच्या धक्क्यासारखं.
उजवा खांब कललाय, ती म्हणते.

पुन्हा.