बुटातलं गवत

ऑगस्ट सरता सरता
तळ्याकाठचा चिखल पहाटे कडक व्हायला लागला
की आई विळा घासायला काढायची.
आधी कापलं तर काडीत पाणी असतं, म्हणायची,
उशिरा कापलं तर हट्ट.

हे काही नावाजलेलं गवत नाही.
रेनडिअर तोंड लावतात, न लावल्यासारखं.
गार पाण्यात पाय रोवून उभं,
पात्याच्या कडेला करवत,
इतकी बारीक की रक्त दिसल्यावरच कळतं.
आम्ही त्याला सुओइद्नी म्हणतो.
म्हणजे नुसतं गवत.

कापायची आई, झोडपायचे वडील.
सपाट दगड, बर्चचं दांडकं,
आणि प्रत्येक घावाआधी एक श्वास.
काडी मोडायची नाही,
फक्त तिचा राग काढून टाकायचा.
मग विंचरून, पीळ देऊन त्याची चुंबळ,
जिच्यावर कधीच कुणी घागर ठेवणार नाही अशी.
आढ्याला टांगलेल्या दहा, अकरा, बारा.
हिवाळ्याचं आमचं तेवढंच पंचांग.

बुटात गवत कोंबत नाहीत, रचतात.
टाचेखाली जाड, बोटांपाशी मोकळं,
मधे मुठीनं केलेला खळगा.
मोजे नाहीत.
रात्री सगळं बाहेर, चुलीवर वाळवायचं,
सकाळी पुन्हा पहिल्यापासून.
ज्याचं त्यानं.
दुसऱ्याच्या गवतात आपला पाय बसत नाही;
कुणाचा अंगठा वाकडा,
कोण डावीकडे झुकून चालतं,
ते सगळं त्याच्या लक्षात असतं.

वडील गेले तेव्हा नदीवरचं बर्फ फुटत होतं.
त्यांच्या हातची एक चुंबळ उरली.
आई दरवर्षी नवं कापत राहिली,
एकटीनंच झोडपलेलं, जरा राठ.
ती एक मात्र खुंटीवर.
सात हिवाळे.

मी ट्रोम्सोहून तिला बूट आणले,
आत लोकर, वर दोन वर्षांची हमी.
तिनं आत हात घालून पाहिला.
'छान आहेत,' म्हणाली,
'पण हे पायाला काही विचारत नाहीत.'

जानेवारीत, दिवस नसलेल्या दिवसांत,
विजेच्या तारांच्या कामावरचा एक पोरगा दारात आला.
स्नोमोबाइल तळ्यात रुतलेली,
गुडघ्यापर्यंत भिजलेला,
टोर्गेर हे नाव सांगायला त्याला तीनदा दात आवरावे लागले.
आईनं त्याचे मोजे कात्रीनं कापले.
पाय मेणासारखे.
तिनं ते स्वतःच्या पोटाशी धरले,
शिव्या देत,
त्याला न कळणाऱ्या भाषेत.

आढ्याला नऊ चुंबळी होत्या.
मी एक काढायला हात वर केला,
तिनं तो खाली केला
आणि खुंटीकडे गेली.
'माझं राठ आहे. याच्या कातडीला टोचेल.'

सात वर्षांनी सुटताना
त्या गवताला कसलाच वास आला नाही.
मला वाटलं होतं, येईल.
वडिलांच्याच बुटात तिनं ते रचलं,
एका अनोळखी पायासाठी,
अंगठ्याशी थोडी जास्त जागा ठेवून;
ती का ठेवली, तिनंही विचारलं नाही स्वतःला.

मार्चमध्ये बूट टपालानं परत आले.
पुसून, तेल लावून,
सोबत चॉकलेटचा डबा
आणि आत, आकार बिघडू नये म्हणून,
वर्तमानपत्र.
गवत नव्हतं.

आईनं कागदाचे बोळे एकेक उलगडले,
मांडीवर सपाट केले.
फुटबॉलचे निकाल होते.
ती हसली, मग पुन्हा हसली,
मग बराच वेळ तिचा हात बुटातच राहिला.

यंदा ऑगस्टात विळा घासताना
माझ्याकडे न बघता म्हणाली,
दांडकं तू घे.

पहिल्याच घावाला काड्या मोडल्या.
'आधी श्वास,' ती म्हणाली.